शेजारच्या सीटचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा विद्यार्थ्यांवर भारी दरारा. "डावीकडे म्हटलं की डावीकडे! प्रश्न नंतर!" हे त्यांचं पहिल्याच दिवशीचं फर्मान. आणि त्या सकाळी हाच माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात, मोबाइल कानाला लावून, गरीब गाईसारखा "हो साहेब, हो साहेब" करत उभा होता.

"बँकेतून बोलतोय. तुमचं खातं आत्ता बंद होतंय. फोन ठेवायचा नाही. कुणाशी बोलायचं नाही. कार्ड हातात घ्या."

मास्तरांनी घेतलं. खात्यात मुलीच्या गाडीचे पैसे होते; ती बायकांना गाडी शिकवायचा वेगळा वर्ग काढणार होती. ते गेले तर पोरीला काय तोंड दाखवायचं! त्यात समोरचा आवाज थेट त्यांच्याच थाटात हुकूम सोडत होता. मास्तर गुणी विद्यार्थ्यासारखे ऐकत गेले.

"मोबाइलवर आकडा आलाय, तो सांगा. लवकर!"

बायको शेजारीच भाजी निवडत होती; फोनमधलं दरडावणं तिलाही ऐकू येत होतं. गाडी ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली. तिने पाय दाणकन जमिनीवर आपटला.

"ब्रेक!"

इतक्या वर्षांची सवय. मास्तर जागच्या जागी थांबले. तिने फोन हिसकावून बंद केला.

"अगं, खातं बंद होईल!"

"होऊ दे! शिकणारा घाबरून भलतीकडे गाडी घालतो, तेव्हा तुम्ही शेजारच्या सीटवरून ब्रेक दाबता ना? मग घरात मी कशाला आहे? कुणाशी बोलू नका म्हणाला, तिथेच कळलं मेल्याचं काळंबेरं. आता कार्डामागच्या नंबरावर तुम्ही स्वतः फोन लावा."

लावला. खातं ठणठणीत होतं. बँकेतून कुणी फोन केलाच नव्हता!

मास्तरांनी कार्ड खिशात टाकलं. "कुणाला सांगू नकोस हं. हसं होईल."

"का नाही सांगायचं? लाज त्या चोराला वाटू दे! तुम्ही तोंड शिवून बसलात, तर उद्या तुमचाच एखादा विद्यार्थी फसेल."

मास्तरांना ते झोंबलं, पण पटलं. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी स्वतःची यथेच्छ टिंगल करत सगळा किस्सा सांगितला. फर्मानही बदललं: "शंका आली की आधी थांबा, मग विचारा. मलासुद्धा!"

तेवढ्यात फोन वाजला. तोच आवाज! मास्तरांनी स्पीकर लावला.

"फोन का ठेवलात? घाई करा, नाहीतर..."

"गाडी उभी केलीय," मास्तर गरजले. "उतरा खाली!"

वर्ग खो खो हसला.

वाचकहो, कुणी घाई करू लागलं की फोन खुशाल ठेवा, घरातल्या कुणाला तरी सांगा आणि खात्रीच्या नंबरावर स्वतः विचारा. रोजची एवढीशी सवय पुरते. आणि शेजारचं माणूस गोंधळलेलं दिसलं, तर भीड न बाळगता पाय आपटा!