मावशी बोलत नव्हत्या तेव्हा

मी प्रौढांना इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा मला एकच गोष्ट पक्की येत होती, दुसऱ्याची चूक पकडणं. प्रशिक्षणात पहिली आले होते, व्याकरण तोंडपाठ होतं, आणि त्याचा तोराही होता. सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग भरायचा. दूरदूरच्या मुलखांतून येऊन या इंग्रजी बोलणाऱ्या शहरात संसार मांडलेली नऊ माणसं. नऊ जणांच्या मिळून सहा मातृभाषा, आणि नवव्या खुर्चीचा एक पाय कायम डुगडुगणारा.

त्यांच्यात एक बेकरीतला कारागीर होता, त्याला सगळे पाववाला म्हणत. तो कसलीही भीड न ठेवता बोलायचा आणि मी त्याला दर वाक्याला अडवायचे. ‘ही गो नाही, ही गोज!’ तो बिचारा ‘ही गोज’ म्हणायचा आणि पुढे काय सांगायचं होतं तेच विसरून जायचा. मला वाटायचं, बघा, किती बारकाईनं शिकवते मी.

आणि एक मावशी होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, एका ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या खोलीत बसून कपडे आल्टर करून देणाऱ्या. वयानं सगळ्यांत मोठ्या, म्हणून सगळ्यांच्याच मावशी. वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर, वही नीटनेटकी, खिडकीजवळची जागा ठरलेली. पण तोंडातून एक शब्द नाही. काही विचारलं की हसायच्या आणि मान हलवायच्या. असे अकरा आठवडे गेले.

शेवटी मी मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या सगळ्या वर्गांच्या प्रमुख, तीस वर्षं याच कामात मुरलेल्या.

“मावशींना खालच्या वर्गात बसवू या का?” मी विचारलं. “डोक्यात काही शिरतच नाहीये.”

“पुस्तक उघडा म्हटलं की उघडतात?”

“हो.”

“वर्गात विनोद झाला की हसतात?”

“हसतात. कधी कधी बाकीच्यांच्या आधी.”

“मग शिरतंय की!” मोठ्या बाई म्हणाल्या. “तान्हं बाळ वर्षभर नुसतं ऐकतं, त्याला आपण ढ म्हणतो का? त्यांचे कान भरू देत आधी. चांगल्या अर्थानं म्हणतेय मी.”

मी मान डोलावली, पण मला ते पटलं नव्हतं. बोलल्याशिवाय मला कळणार कसं?

बाराव्या आठवड्यात विषय होता ‘माझं कुटुंब’. मी सरळ मावशींसमोर जाऊन उभी राहिले. “आज तुम्ही बोलायचंच. एकच वाक्य.”

मावशींनी वही मिटली. इकडे तिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “माय हजबंड डाय. टू इयर.”

“डाइड,” मी म्हटलं. “टू इयर्स अगो.” आणि वळून ते फळ्यावर लिहिलंसुद्धा, शेवटच्या डीखाली दोन रेघा मारून. “आता पूर्ण वाक्य म्हणा.”

मावशींनी म्हटलं. अगदी बिनचूक म्हटलं.

“व्हेरी गुड!” मी म्हणाले.

पाववाल्यानं मान खाली घातली. मी तशीच पुढच्या धड्यावर गेले.

घरी आई वाटाणे सोलत बसली होती. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, “एकदाच्या बोलल्या मावशी!”

“हो? काय बोलल्या?”

मी सांगितलं. आईचा हात शेंगेवरच थांबला.

“आणि तू काय म्हणालीस?”

तिला ते सांगताना माझं बोलणं मला पहिल्यांदा ऐकू आलं.

“अगं, नवरा गेल्याचं सांगत होती ती बाई,” आई म्हणाली, “आणि तू काळ दुरुस्त करत बसलीस?”

मी तिच्यासमोर बसून उरलेल्या शेंगा सोलू लागले.

पुढचे तीन आठवडे मावशी वर्गात आल्या नाहीत. चौथ्या आठवड्यात मी माझा जुना कोट घेऊन त्यांच्या दुकानात गेले. कोटाचं अस्तर खरंच फाटलं होतं, पण ते निमित्त होतं. मालकानं काउंटरवरून मागे बोट दाखवलं. खोली एवढीशी. इस्त्रीची वाफ, दांडीवर टांगलेल्या पँटी, खडूच्या खुणा, आणि मशीनसमोर ओठांत चार टाचण्या धरून बसलेल्या मावशी.

मी सावकाश, सोप्या इंग्रजीत सांगितलं की त्या दिवशी माझं चुकलं, मी माफी मागायला आलेय.

मावशींनी एकेक टाचणी काढून उशीत खोचली. “यू टीचर,” त्या म्हणाल्या. “यू डू वर्क.” आणि माझ्या हातातला कोट घेतला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी सुईकडे बोट दाखवलं आणि त्यांच्या भाषेत तिला काय म्हणतात ते विचारलं. त्यांनी सांगितलं. मी म्हणून पाहिलं, ते बहुतेक फार भयंकर झालं असावं, कारण त्या खुदकन हसल्या. मग सुई वर धरून त्यांनी तोच शब्द पुन्हा म्हटला, सावकाश. मग दोऱ्याचा. मग कात्रीचा.

दर गुरुवारी दुपारी मी मोकळी असायचे. मी त्यांच्याकडे त्यांची भाषा शिकायला जाऊ लागले. मावशी जे बोलायच्या ते हातांनी करून दाखवायच्या. ‘उसवते’ म्हणताना उसवायच्या, ‘मापते’ म्हणताना माझ्याच खांद्याला टेप लावायच्या. पाचसहा वेळा गेल्यावर मला त्यांना एक साधं वाक्य सांगायचं होतं, माझे वडील बस चालवायचे. मनात जुळवून ठेवलं होतं. तोंड उघडलं आणि सगळं पुसून गेलं. पँट न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक दारात उभं राहून माझ्याकडे बघत होतं. प्रशिक्षणात पहिली आलेली मी, आणि मला ‘वडील’ आठवेना!

मावशींनी मशीन थांबवलं आणि मांडीवर हात ठेवून बसल्या. घाई नाही, मदतीला शब्द पुढे करणं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मी वर्गात दोन सेकंदांच्या वर कुणासाठी थांबले नव्हते, ते मला तिथे कळलं.

शेवटी मी काहीतरी बोलले. वाक्य वेडंवाकडं होतं, बहुतेक मी बसगाडीलाच बाप करून टाकलं होतं. मावशींचे डोळे चमकले. “अच्छा, तुझे वडील बस चालवायचे!” त्या आपल्या भाषेत म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, “लांबच्या गावांना जायचे का?” माझं वाक्य त्यांनी नीट करून मला परत दिलं होतं, आणि माझ्या चुकीचा उल्लेखही केला नव्हता. मला फक्त एवढंच जाणवलं की त्यांना माझ्या वडिलांबद्दल ऐकायचंय. मी पुढे बोलत राहिले.

त्याच आठवड्यात मावशी वर्गात परत आल्या. मी बोलावलं नव्हतं. आल्या, खिडकीजवळ बसल्या, आणि महिनाभरानं एकदा पाववाला आपल्या भावाविषयी सांगत असताना मध्येच म्हणाल्या, “माय हजबंड, ही फिक्स लिफ्ट. ऑल बिल्डिंग.”

फळ्यावर जायला माझे हात शिवशिवले. मी ते पाठीमागे धरले आणि विचारलं, “ही फिक्स्ड लिफ्ट्स? इन टॉल बिल्डिंग्ज?”

“येस, ही फिक्स्ड,” मावशी म्हणाल्या. “व्हेरी टॉल. ही नो अफ्रेड. आय अफ्रेड!”

“गुड मॅन?” पाववाल्यानं विचारलं.

“व्हेरी गुड. व्हेरी...” मावशी शब्द शोधू लागल्या. आम्ही सगळे थांबलो. “व्हेरी टॉक! ही टॉक, टॉक, टॉक. आय नो टॉक. नाऊ हू टॉक?” आणि त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

वर्ग खदखदून हसला. मावशीही हसल्या आणि हसता हसताच त्यांनी डोळे पुसले. वीस वर्षं बाहेरचं सगळं बोलणं नवऱ्यानं सांभाळलं होतं, हे मला त्या दिवशी समजलं. चुकांची यादी मी मनात केली होती, त्या चुका पुढच्या तासाला सगळ्या वर्गाला मिळून समजावल्या, कुणाचंही नाव न घेता.

पुढच्या वर्षी दुकानाचे मालक गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिने घरी बसले, तेव्हा काउंटर मावशींनी चालवला. व्याकरणाचे हाल झाले असतील, पण कुणाचा शर्ट कुणाकडे गेला नाही. एका भांडखोर गिऱ्हाइकाला त्यांनी इंग्रजीत असं सुनावलं की तो परत आला तो आल्टर करायला नवी पँट घेऊनच.

आता मी नव्या शिक्षकांना तयार करते. पहिल्या दिवशी मी फारसं बोलत नाही. मावशींना बोलावते. त्या पिशवीतून सुईदोरा, टेप, बटणं काढतात आणि पाऊण तास आपल्या भाषेत शिकवतात, इंग्रजीचा एक शब्द न वापरता. हुशार हुशार मुलंमुली तोंड मिटून बसतात, घामाघूम होतात, आणि कुणाला ‘बटण’ म्हणता आलं की आख्खी खोली टाळ्या वाजवते.

परवा तास संपल्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं की मला शिकवायला यांनी शिकवलं. मावशी पिशवी भरत होत्या. त्यांनी हात झटकला, “नो, नो, शी एक्झॅजरेट,” म्हणाल्या, आणि हा शब्द कुठून उचलला म्हणून मी विचारायच्या आत बस पकडायला निघूनही गेल्या.