बारक्याची जागा

“गाडी खाली उभी आहे, फादर खाली उभे आहेत, तिकडे गावी आईच्या कबरीशेजारी खड्डा खणून तयार आहे, आणि तू मला सांगतेस की न्यायचं नाही?”

ताईचा आवाज जिन्यातून थेट तळमजल्यापर्यंत गेला. शेजारच्या दाराची फट किलकिली झाली होती, ती पटकन मिटली. भावजय मात्र दारातून हलली नाही. तिच्या बाह्या अजून ओल्या होत्या. नवऱ्याला तिने नुकतीच शेवटची आंघोळ घातली होती.

“नेऊ नका असं नाही म्हणत, वन्सं. लांब नेऊ नका. माणूस जिथे डोळे मिटतो तिथून तासाभराच्या वाटेच्या आतच त्याला पुरायचं, आमच्यात तसंच आहे. त्यांनी मला बजावून ठेवलं होतं.”

“आमच्यात! म्हणे आमच्यात! मी त्याला कडेवर घेऊन बाप्तिस्म्याला नेलं, तेव्हा हे तुमचं ‘आमच्यात’ कुठे होतं गं?”

गेला होता तो ताईचा धाकटा भाऊ. साठी उलटलेली, देह असा की शिडीवर चढला तर खालच्याने देवाचं नाव घ्यावं, पण ताईच्या लेखी तो बारक्याच. धंद्याने वायरमन. सकाळी कामावर जायला म्हणून खुर्चीत बसून बूट घालत होता, दुसरा बूट हातातच राहिला. फोन आला तेव्हा ताई गावच्या चर्चमध्ये वेदीवरच्या वस्त्रांना खळ घालत होती. उभा जन्म तिने तेच केलं होतं. लग्न नाही, मूलबाळ नाही. वस्त्रं धुवायची, खळ घालायची, इस्त्री करायची. लोक तिला इस्त्रीबाई म्हणत. एक तर कामावरून, आणि दुसरं म्हणजे तिच्या तावडीत सापडला की भलाभला सरळ होई म्हणून.

फोन ठेवला, चार अश्रू ढाळले, आणि बाई कामाला लागली. खड्डा खणायला सांगितला, गाडी ठरवली, तरुण फादरना पुढच्या सीटवर बसवलं आणि तीन तास तोंडातून अवाक्षर न काढता इथे पोचली. भावजयीला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. आपलं माणूस न्यायला कुणाची परवानगी लागते होय?

बारक्याने बहाई धर्म घेतला त्याला बरीच वर्षं झाली होती. कुणाकडे तरी पंखा बसवायला गेला, गप्पांत रमला, तो रमलाच. मग एके दिवशी ताईकडे आला, इस्त्रीच्या टेबलासमोर बसला आणि म्हणाला, “ताई, तू ज्याची वाट बघतेस ना, तो येऊन गेला.”

“कोण येऊन गेला?”

“प्रभू. पुन्हा येईन म्हणाला होता, तसा आला. फक्त नाव वेगळं होतं. बहाउल्ला.”

त्या दिवशी वेदीचं वस्त्र जळलं. तिच्या हातून जळलेलं ते पहिलं आणि शेवटचं.

“येऊन गेला, आणि मला पत्ता नाही? त्याची वस्त्रं धुते मी, आणि तो आला हे कळलं कुणाला, तर पंखे बसवणाऱ्याला!”

“अगं, बल्ब बदलला. वीज तीच.”

“माझा प्रभू तुला बल्ब वाटला होय रे, मेल्या?”

तेव्हापासून महिन्यातून एकदा तो यायचा आणि दोघं चहा गार होईपर्यंत भांडायची. प्रभूला सोडलंस, असं ती म्हणाली की तो म्हणे, सोडलं कुठे, मानतो की. आणि मानत होता, हेच तर दुखणं होतं! शुभवर्तमानातली वचनं त्याला तिच्यापेक्षा जास्त पाठ. पण त्याच्या लेखी प्रभू एकटा नव्हता. आधी आलेले होते, नंतर आलेले होते, सगळे एकाच देवाने धाडलेले. “एकुलत्या एका लेकाला कुणी रांगेत उभं करतं का रे?” ती ओरडायची. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी झाली त्याचाही तो वेगळाच अर्थ लावी. म्हणे, देह उठला नाही, खचलेल्या शिष्यांमध्ये त्याचं काम उठून उभं राहिलं. हे ऐकलं की ताई त्याच्यापुढची बशी उचलून न्यायची. पुढच्या महिन्यात तो पुन्हा हजर.

आता तो आतल्या खोलीत पांढऱ्या सुती कफनात होता. बोटात दगडाची अंगठी, तिच्यावर देवाचं नाव. ताईने पिशवीतून क्रूस काढला आणि मुद्दाम भावजयीच्या डोळ्यांत डोळे घालून त्याच्या छातीवर ठेवला. मनात म्हणाली, आता काढ बघू.

“राहू द्या, वन्सं,” भावजय म्हणाली. “त्यांना आवडेल.”

“हेच! हेच तुमचं मला सहन होत नाही!” ताई कडाडली. “सगळ्याला आपलं हो! क्रूसाला हो, प्रभूला हो. माणसाला डोकं आपटायला भिंत तरी लागते ना!”

फादर जिना चढून वर आले होते. हलक्या आवाजात म्हणाले, “ताई, शेवटी पत्नीची इच्छा...”

“तुम्ही मध्ये पडू नका. तुम्ही जन्मला नव्हता तेव्हापासून मी त्याला भरवतेय.”

मग तिचा आवाज एकाएकी बसला. तिने भावजयीचा दंड धरला.

“नीट ऐक. तिकडे ओळीने आमची जागा आहे. बाबा, मग आई, मग हा, मग मी. आई जाताना म्हणाली होती, बारक्याला सोडू नकोस. शेवटच्या दिवशी हाक येईल, आम्ही उठू, तेव्हा याचा हात माझ्या हातात पाहिजे. याला झोपेतून उठवायला नेहमी मीच लागायचे. कळतंय का तुला? मी उठेन आणि शेजारी बघेन, तर तिथे कुणीच नाही! आईला काय सांगू?”

भावजयीने ओल्या बाह्या खाली ओढल्या.

“ते म्हणायचे, उठायचं ते जिवंतपणीच. देह म्हणजे आत्म्याचं घर. घर म्हणून मान द्यायचा, पण आत्मा पुढे निघून जातो, तो मागे वळून घरात येत नाही.”

“तो काय म्हणायचा ते मला तोंडपाठ आहे! तुला काय वाटतं ते सांग.”

“मला?” भावजयीचा बांध फुटला. “मला वाटतं, त्यांनी आत्ता उठावं आणि दुसरा बूट घालावा! दुसरं काही वाटत नाही मला, वन्सं. न्या तुम्ही. खुशाल न्या. माझ्यात भांडायची ताकद नाही. फक्त आत जा आणि नेतेय म्हणून तुमच्या तोंडाने त्यांना सांगा. मी नाही सांगणार.”

“सांगते की! भिते काय मी त्याला?”

ताई आत गेली आणि दार लोटून घेतलं.

“बारक्या,” ती म्हणाली, “नेतेय तुला. ऐकलंस? तासबीस मला सांगायचं नाही.”

एवढं बोलून ती थांबली. इथे त्याने काहीतरी म्हणायचं असे. अगं ताई, असं म्हणून मांडीवर थाप मारायची असे, मग तिने आणखी चढ्या आवाजात बोलायचं असे. पण तो गप्प होता. बोल ना रे, ती म्हणाली. एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. जिवंत असता तर तिने त्याला कानाला धरून गाडीत घातला असता. पण ज्याला उलट उत्तर देता येत नाही त्याच्यावर कुरघोडी करायची, हे तिने जन्मात केलं नव्हतं. तिला असा राग आला, असा राग आला की तिने भिंतीवर मूठ आपटली. तो शेवटचा वाद जिंकला होता, तोंड न उघडता.

ती बाहेर आली ती तरातरा खिडकीशी गेली आणि खाली वाकून ओरडली, “अहो ड्रायव्हर! लांब नाही जायचं. इथलीच दफनभूमी विचारा कुणाला तरी!”

दुपारी शहराबाहेरच्या दफनभूमीत बहाई मंडळी जमली. त्यांच्यात फादर नसतातच. भावजयीनेच हातात कागद घेतला आणि प्रार्थना वाचायला सुरुवात केली, बाकीचे उभे. ताई सवयीने गुडघे टेकायला वाकली, तर कुणीतरी हळूच म्हणालं, आमच्यात उभं राहायचं असतं. उभी राहिली. त्यांच्यासाठी नव्हे, बारक्यासाठी. प्रार्थनेत एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती, भावजयीचा आवाज फाटत होता, पण ती बाई शेवटपर्यंत थांबली नाही.

“सुंदर प्रार्थना आहे,” ताईशेजारी उभे असलेले फादर कुजबुजले.

“गप्प बसा,” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गावच्या चर्चमागे गेली. कबर खणणारा खड्ड्याच्या कडेला विडी ओढत बसला होता. तिला पाहून त्याने विडी विझवली आणि वाटेकडे बघितलं.

“मागून येतायत का?”

“नाही येत कुणी. बुजव.”

“बुजवू? एवढं खणलंय बाई, केवढी रेती उपसली. तुमच्यासाठी ठेवू का मग?”

“माझी जागा पलीकडे आहे. ही त्याची. बुजवायची आणि रिकामीच ठेवायची. इथे दुसऱ्या कुणाला घातलंस तर याद राख!”

तो निमूटपणे माती लोटू लागला. ताई तिथेच उभी राहिली. मग मान वर करून खणखणीत आवाजात बोलली, भाजीवाल्याशी बोलावं तशी.

“नीट ऐकून घे. तू आलायस की यायचायस, ते तुझं तू बघ. पण उठवायला येशील तेव्हा आधी तिकडे जा, शहराबाहेर. त्याची झोप गाढ आहे, एका हाकेत उठायचा नाही. दहा हाका मार. आणि तो नाहीच उठला, तर मलाही हाक मारायची नाही. मी उठणार नाही.”

खणणाऱ्याने फावडं थांबवलं. “माझ्याशी बोलताय का, बाई?”

“तुझ्याशी कशाला बोलू?” ताई म्हणाली. “तू माती टाक.”