खोकल्याची तबकडी

चिमूरच्या गुणवंतरावांचा इमारती लाकडाचा ठेका जोरात होता, पण बैठकीत ते सागवानाबद्दल अवाक्षर काढत नसत. बोलायचे ते इतवारी शाहिराच्या दंडारीबद्दल, त्या नाचगाण्याच्या खेळाबद्दल. इतवारीच्या मंडळीचं नाव तेव्हा सगळ्या चांदा जिल्ह्यात गाजत होतं. मुंबईच्या एका ग्रामोफोन तबकडी कंपनीने त्यांना नेऊन त्यांच्याकडून आठवडाभर गाऊन घेतलं आणि बाजारात आणली एकच तबकडी. ती चहाच्या हॉटेलात वाजे, लग्नाच्या मांडवात वाजे. म्हणूनच ती गुणवंतरावांच्या मनातून उतरली होती.

"हे तर कोनीबी आयकते," ते म्हणायचे. "कंपनीनं दाबून ठेवलं, ते आयकाले कान लागते."

दाबून ठेवलेलं आणून द्यायचा बिरजू. कंपनीच्या गोदामात हमाली केलेला हा बाबा नापास तबकड्या धोतरजोड्यांत गुंडाळून आणी. मधला गोल कागद नुसता कोरा, ना नाव ना गाव. एकीत ढोलकी आधीच सुटलेली, दुसरीत तुणतुण्याची तार तुटलेली. गाणं जितकं बिघडलेलं, तितके गुणवंतराव खूश. हे बिरजूच्याही ध्यानात आलं होतं.

सगळ्यांत मान होता खोकल्याच्या तबकडीला. तीत ऐन कडव्यात इतवारीला ठसका लागे आणि पाठोपाठ तो ढोलकीवाल्याला "थांब ना बे दसरू" असं पुटपुटे. ती लावण्याआधी गुणवंतराव नवी सुई बसवत, पाहुण्यांना पान थुंकून यायला सांगत. शाळेचे नानाजी गुरुजी डोळे मिटून ऐकत.

"या खोकल्यात साऱ्या झाडीपट्टीचं दुःख हाये," ते म्हणत.

"त्याले अडुळशाचा काढा पाजाले पायजे होता," इंदुताई एकदा आतून म्हणाल्या होत्या. नवऱ्याने ते मनावर घेतलं नाही. बायकांना यातलं काय कळतं!

त्या साली घोडायात्रेला खुद्द इतवारीची मंडळी चिमुरात आली. गुणवंतरावांनी त्यांना घरी बोलावून पोटभर जेवू घातलं. हात पुसून मंडळी बैठकीत बसली, दसरूने ढोलकी कसली, इतवारीने खणखणीत आवाजात गण सुरू केला. गुणवंतरावांनी हात वर केला.

"हे नाई, शाहीर. ते खोकल्याचं म्हना."

इतवारी गडबडला. "ते तुमाले कुठी गावलं भाऊ? त्या दिवशी मले ताप होता. कंपनीवाले फोडून टाकतो म्हनले होते."

"फोडलं असतं तर घातच झाला असता."

खाल्ल्या अन्नाला जागावं लागतं. इतवारी गायला, कडव्यात थांबून खोकला.

"जरा उशिरा आला," नानाजी गुरुजी म्हणाले.

तो पुन्हा खोकला. या खेपेला दसरू थांबायचा विसरला. मग दसरू थांबला, तर खोकला कोरडा निघाला. शेवटी शाहिराला खराच ठसका लागला, तरी गुरुजींची मान नकारातच हलत राहिली. गुणवंतरावांना मनापासून वाईट वाटलं. माणसाचं नाव झालं की त्याचा खोकलाही बिघडतो, असं त्यांच्या मनात आलं.

इंदुताई पाण्याची घागर घेऊन बाहेर आल्या. "शाहीरभाऊ, पानी प्या. मांगच्या आंगनात बाया वाट पाहून राह्यल्या. त्याईले धानाच्या रोवनीचं गानं आयकाचं हाये."

मंडळी सुटल्यासारखी उठली. थोड्याच वेळात मागच्या अंगणात ढोलकी कडाडली आणि इतवारीचा आवाज कौलांवरून पलीकडच्या आळीत गेला. गाडीवान बैल सोडून आले, लाकूड वाहणारे मजूर कुंपणाशी उभे राहिले. "आलोच लघवीला जाऊन," म्हणत नानाजी गुरुजीही उठले, ते परत आलेच नाहीत.

बैठकीत गुणवंतराव एकटे राहिले. मूळचा खोकला पडताळून पाहावा म्हणून त्यांनी चावी भरली, तबकडी लावली, कर्ण्याला कान लावला. पण अंगणात बाया हसत होत्या, टाळ्या पडत होत्या, काही म्हणता काही ऐकू येईना. ते तणतणत मागच्या दारात गेले.

"त्याईले जरा हळू म्हनाले सांग," त्यांनी बायकोला म्हटलं. "मले इतवारी आयकू येऊन नाई राह्यला."

इंदुताईंनी एकवार नवऱ्याकडे पाहिलं, दार ओढून घेतलं आणि पुन्हा बायांत जाऊन बसल्या.