मंजुळाबाईचा रविवार

शेगडीत ठासून भरलेल्या भुशातून मंजुळाबाई मधली बाटली हलक्या हाताने फिरवत वर ओढत होती, तेवढ्यात पत्र्याचं फाटक वाजलं. प्रांजली आत आली. रोज सकाळी आठच्या सुमाराला ती यायची ती झाकणाचं पातेलं घेऊन. आज तिच्या काखेत पुठ्ठ्याचं खोकं होतं.

“मावशी, बघा भावानं काय पाठवलंय,” म्हणत तिने ते बाजेवर ठेवलं. आत विजेवर चालणारा कुकर होता, जाड काळ्या भांड्याचा. सकाळी सगळं आत घालायचं, बटण दाबायचं आणि कामाला निघून जायचं. मंद आचेवर संध्याकाळपर्यंत आपोआप शिजतं, लक्ष द्यावं लागत नाही, असं ती भराभर सांगत गेली. आपण हे कुणाला सांगतोय ते ध्यानात आल्यावर मात्र तिने खोकं घाईने मिटलं.

गेली आठ वर्षं मंजुळाबाई हेच काम करत होती.

ती आणि तिचा नवरा मुंजाबा पैठणकडचे मेंढरंवाले. चाऱ्याच्या मागे फिरून पाय थकले तेव्हा मेंढरं विकून दोघं शहरात आली आणि गारखेड्यातला एक मोकळा प्लॉट राखायला राहिली. मुंजाबा दुसऱ्याच वर्षी काविळीने गेला. मुलगा बिभीषण गावी दोन म्हशी आणि रोजंदारी यांवर संसार ओढत होता; त्याच्या घरात आणखी एक ताट वाढवायला नको, म्हणून ती इथेच राहिली. प्लॉटच्या मागे लाकडाची वखार होती, भुसा हवा तेवढा मिळायचा. तेलाच्या रिकाम्या डब्याला खाली भोक पाडून, मधोमध बाटली उभी करून भोवती भुसा ठासला आणि मग ती बाटली काढून घेतली, की ती शेगडी सहा-सात तास जाळ न होता धुमसत राहते. वर ठेवलेलं कडधान्य लोण्यासारखं शिजतं. शेजारच्या इमारतीतल्या एका नोकरदार बाईने एकदा सहज विचारलं, आमची मटकी ठेवाल का दिवसभर? त्या एका पातेल्याची चौदा पातेली झाली, शेगड्याही तशाच वाढल्या.

माणसं धावतपळत यायची. सकाळी “ठेवते हं मावशी”, संध्याकाळी “नेते हं मावशी”. या दोन बोलण्यांच्या मध्ये मंजुळाबाईचा दिवस असायचा. बाकी तिला जे कळायचं ते पातेल्यांवरून. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचं पोट बिघडलंय, कुणाच्या घरी सासूबाई आल्यामुळे लसूण बंद झालाय. ढवळण्यापलीकडे ती कुणाच्या पातेल्यात हात घालायची नाही, चव तर कधीच घ्यायची नाही. पण वास घेऊन मनातल्या मनात ती त्या घरांमध्ये जाऊन बसायची. सगळ्यात जास्त वेळ प्रांजलीच्या घरी. प्रांजली एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायची, नवरा सुदर्शन वाळूजला कंपनीत, आणि मुलगी ऋतुजा, ती आता चौथीत असेल. सुरुवातीला एकदा सुदर्शन स्वतः पातेलं न्यायला आला होता आणि झाकण उघडून तिथेच उभ्या उभ्या बोट घालून चाटलं होतं. तेव्हापासून दिवेलागणीला मंजुळाबाई आपली भाकरी मोडायला बसली, की तिघं जण गोल करून बसलेत असं तिला दिसायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र सगळंच आटलं. नळाला पाणी पाचव्या दिवशी यायचं, गल्लीतले बोअर कोरडे पडले, टँकर आला की बायका हातातलं टाकून धावायच्या. लोक भाड्याच्या खोल्या सोडून गेले. वखार शहराबाहेर हलली, भुसा डोक्यावरून आणावा लागू लागला. चौदाची चार पातेली झाली. आणि गेल्या सोमवारी मालकाचा माणूस येऊन सांगून गेला, की इथे बिल्डिंग उभी राहणार आहे, पुढच्या गुरुवारी बोअरची गाडी येईल, तोवर जागा मोकळी करा. हे तिने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्याएवढं थांबलंच नव्हतं कुणी.

“मावशी, एक तारखेपासून मला सातलाच हजर व्हायचंय,” प्रांजली म्हणाली. “तुमच्याकडे येणं जमणार नाही. म्हणून हे. पण दोनदा केलं, एकदा हुलगे टणक राहिले, एकदा नुसतं पाणी झालं. पुस्तकात सगळे परदेशी पदार्थ आहेत. उद्या रविवार आहे, घरी याल? मला शिकवाल?”

मंजुळाबाईने तिच्याकडे पाहिलं. एक गिऱ्हाईक तुटतंय याचं दुःख तिला व्हायला हवं होतं. पण तिच्या कानात एकच शब्द घुमत होता. घरी.

“येते की,” ती म्हणाली. “हुलगे रातीच भिजू घाला.”

रविवारी तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. बरोबर पुरचुंडीत येसर घेतला, गहू-हरभरा भाजून घरीच जात्यावर दळलेला मसाला. दहा वाजता ती तिसऱ्या मजल्यावर पोचली. दार ऋतुजाने उघडलं आणि आत वळून सांगितलं, “मम्मी, डाळवाल्या आजी आल्या.”

स्वयंपाकघर लहानसं, पण नीटनेटकं. ओट्याखाली पाण्याने भरलेल्या कळश्या, बादल्या, अगदी रंगाचे रिकामे डबेसुद्धा. मंजुळाबाईने कुकरचं भांडं आधी हातात घेऊन वजन पाहिलं, बोटाने टिचकी मारली. बरं आहे म्हणाली, जाड आहे. मग तिने सांगितलं तसं प्रांजली करत गेली. हुलगे आधी चुलीवर, म्हणजे गॅसवर, एक उकळी येऊ द्यायचे, मगच यात घालायचे. पाणी वर दोन बोटं, जास्त नाही, कारण यातून वाफ बाहेर जात नाही. मीठ आणि चिंच शेवटी. आधी घातलं तर दाणा हटून बसतो. लसूण ठेचायचा नाही, अख्ख्या पाकळ्या टाकायच्या. आणि झाकण उघडून उघडून बघायचं नाही.

“मग कळणार कसं शिजलं ते?”

“आवो, तेवढा दम धराया लागतो. दुसरं काय नाय त्याच्यात.”

प्रांजलीने सगळं वहीत लिहून घेतलं. हुलगे तिने एकच वाटी भिजवले होते, तीही लहान. ते मंजुळाबाईच्या लक्षात आलं. पातेल्यातली डाळही गेले आठ-नऊ महिने अशीच कमी झाली होती. महागाई आहे, माणसं हात आखडतात, असं तिने तेव्हा धरून घेतलं होतं.

बटण दाबलं, बारीक लाल दिवा लागला, आणि आता पाच-सहा तास काहीच करायचं नव्हतं. मंजुळाबाई जायला उठली, तर प्रांजली म्हणाली थांबा ना, शेवट बघूनच जा.

मग तो दिवस तिने त्या घरात काढला. प्रांजलीने साठवलेल्या पाण्यात कपडे पिळले, त्याच पाण्यात फरशी पुसली. मंजुळाबाईने लसूण सोलून ठेवला, मेथी निवडली. ऋतुजाला मेंढरांबद्दल विचारायचं होतं. मेंढरं चुकत नाहीत का, त्यांना नावं असतात का, रानात तुम्ही जेवायला काय करायच्या? मंजुळाबाईने तिला सांगितलं, की वाळलेल्या लेंड्यांचा विस्तव करून त्यात मडकं पुरायचं आणि मेंढरांमागे निघून जायचं. दिवस कलताना परत यावं, तर हुलगे तयार. मडकं कुणी चोरून नेत नव्हतं का, असं पोरीने विचारलं. मंजुळाबाईला हसू आलं. कित्येक दिवसांत इतकं सलग ती बोलली नव्हती. दुपारपर्यंत तिचा आवाज बसल्यासारखा झाला.

दुपारी दीड तास वीज गेली. प्रांजली घाबरली. मंजुळाबाईने कुकरला जुनी गोधडी गुंडाळायला लावली आणि हात लावू नका म्हणाली, आतल्या उबेवर शिजत राहील.

त्या उकाड्यात ऋतुजा फरशीवर झोपून गेली. दोघी दाराच्या वाऱ्याला बसल्या. खुंटीवर पुरुषाचा एकही कपडा नाही, मोरीजवळ दोनच जोड्या चपला, हे मंजुळाबाई सकाळपासून पाहत होती. तरीही तिने विचारलं, “साहेबांची आज बी ड्युटी हाये का?”

प्रांजलीने ओढणीची घडी उगाच सारखी केली.

“ते इथं राहत नाहीत मावशी. मागच्या गणपतीत गेले. पुण्याला असतात. दुसरं घर केलंय.” मग ती म्हणाली, “बिल्डिंगमध्ये कुणाला सांगितलं नाही. कंपनीनं बदली केली म्हणते.”

 नऊ महिने मंजुळाबाई रोज संध्याकाळी तिघांना गोल करून बसवत आली होती.

“मला वाटलं, म्हागाईनं डाळ कमी केली तुमी,” ती म्हणाली.

प्रांजलीने तिच्याकडे पाहिलं. “तुम्हाला कळलं होतं?”

“डाळ कमी झाली एवढं कळलं. काहून, ते नाय कळलं.”

प्रांजलीचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. मंजुळाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. लसणाचा वास लागलेला, भुशाने भेगाळलेला हात. बराच वेळ तो तिथेच होता.

पाच वाजता झाकण उघडलं. हुलगे बोटाने दाबताच विरघळत होते. मंजुळाबाईने मीठ, चिंच घालून येसर कालवून लावला आणि वरून प्रांजलीला फोडणी द्यायला सांगितलं. प्रांजलीने तीन ताटं घेतली. दुसऱ्याच्या घरी शिजलेलं, दुसऱ्याने वाढलेलं मंजुळाबाई मुंजाबा गेला त्या दिवसांनंतर पहिल्यांदाच जेवत होती. ऋतुजा म्हणाली, “सेम आजींच्या पातेल्यासारखं झालंय.” पोरीने दोनदा मागून घेतलं. 

जेवण झाल्यावर मंजुळाबाईने कुणी नको म्हणायच्या आत आपलं ताट अर्धा तांब्या पाण्यात धुऊन ठेवलं.

“मी तुमचं एक गिऱ्हाईक तोडलं मावशी,” प्रांजली दारात म्हणाली.

गुरुवारी बोअरची गाडी येणार होती. उरलेल्या तीन घरांना सांगून बुधवारच्या एसटीने तिला पैठणला उतरायचं होतं, आणि तिथून बिभीषण आपल्या म्हशी घेऊन राहिला होता त्या चारा छावणीत. हे आत्ता सांगितलं, तर या बाईच्या जिवाला तेवढाच आणखी एक घोर.

“लई हायेत गिऱ्हाइकं,” मंजुळाबाई म्हणाली. “तुमी पोरीकडं बघा. आन् झाकण उघडू नका सारखं.”

जिना उतरताना संध्याकाळ झाली होती. प्रत्येक मजल्यावर बंद दारं, आत टीव्हीचे आवाज. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. डावीकडच्या दारामागून डाळ खाली लागल्याचा वास येत होता. अजून जळली नव्हती, लागायला लागली होती. ती दोन पायऱ्या उतरली, पुन्हा वर चढली आणि तिने दार वाजवलं.

एका तरुण बाईने दार उघडलं. कानाला फोन होता. अनोळखी म्हातारी पाहून तिने भुवया वर केल्या.

“ताई, डाळ खाली लागू राहिली तुमची,” मंजुळाबाई म्हणाली. “ढवळू नका, लागलेलं वर येईल. गॅस बंद करून वरची वरची दुसऱ्या पातेल्यात काढा.”

ती बाई “अगं बाई” म्हणत आत धावली. जाताना तिच्या हाताने दार लोटलं गेलं.

मंजुळाबाई बंद दारासमोर थोडा वेळ उभी राहिली. आत पातेलं आपटल्याचा आवाज आला, मग पळीने वरची डाळ काढल्याचा. हळूहळू वास ओसरला. तेव्हा तिने पदर खांद्यावर नीट घेतला आणि कठड्याला धरून उरलेल्या पायऱ्या उतरू लागली.