वीरभद्रची जागा

लातूर उस्मानाबादेतून सुटून नवा जिल्हा झाला, त्या साली वीरभद्र ओमानला गेला. रेणापूरकडच्या विहिरी आटल्या होत्या आणि तिकडं डोंगरात रस्ते करणाऱ्या कंपनीला रोलर चालवणारी माणसं हवी होती. दुसऱ्या वर्षी कोरड्या नदीला अचानक लोंढा आला आणि तो त्यात गेला. ही बातमी त्याच्या कंपनीतल्या उदगीरच्या एका माणसानं आणली. हुजैर नावाच्या गावाजवळ पुरलं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

पुरल्याचं घरात कुणाला वाईट वाटलं नाही. लिंगायतात पुरतातच. पण बसवून, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवून. वीरभद्रच्या आईनं, गुरम्मानं, त्या माणसाला विचारलं, "बसवलं होतं का रे?"

"मी तिथं नव्हतो, माय," तो म्हणाला.

गुरम्मा पुढं वर्षानुवर्षं हेच विचारत राहिली. जेवता जेवता, अंगणात ऊन खाता खाता. वीरभद्रची बायको शिवगंगा ते ऐकून उठायची आणि कामाला लागायची.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मस्कतला नर्स असलेल्या पुतणीनं, दानम्मानं, शिवगंगाला विमानाचं तिकीट पाठवलं. "काकू, महिनाभर या. इथं नळाला पाणी तरी हाय." गुरम्माला जावेकडं ठेवून शिवगंगा गेली. पोहोचल्यावर तिनं एकच मागणं केलं. "मला ते गाव दाखव."

दानम्मानं एक दिवसाची सहल ठरवली. निझवा शहरातला जुना बाजार आणि डोंगरातली गावं. गाडी चालवणारा आणि माहिती सांगणारा सालेम नावाचा पोरगेला माणूस होता. हिंदी चांगली बोलायचा. हुजैर सहलीत नव्हतं, पण कारण कळल्यावर तो म्हणाला, "ले चलूँगा, अम्मा."

आधी त्यानं त्यांना बाजारात नेलं. लोक गोल बसले होते आणि विकणारे बकऱ्या दोरीला धरून त्यांच्यापुढून फिरवत होते. पुढच्या गल्लीत खजूर, चांदीच्या मुठीचे खंजीर, मातीच्या घागरी. सालेम बाजाराशेजारच्या किल्ल्याचा इतिहास सांगत होता. शिवगंगानं त्याला मधेच थांबवलं. "बेटा, हुजैर कब आता?"

डोंगराचा रस्ता वळणावळणांचा होता. हाच रस्ता त्यांनी केला का, असं विचारायला ती पुढं वाकली आणि पुन्हा मागं टेकली. दानम्मानं तिचा हात धरून ठेवला.

हुजैर म्हणजे कड्याला चिकटलेली दगडी घरं, खाली खजुरीची बाग आणि मधून खळखळत जाणारा पाण्याचा पाट. भर उन्हात एवढं पाणी उघड्यावर वाहताना बघून शिवगंगाला लातूरच्या टँकरपुढची भांडणं आठवली. या पाण्याच्या गावातच तो मेला होता.

सालेमनं नासर नावाच्या म्हाताऱ्याला शोधून आणलं. पुराचं नाव काढताच तो खाली बसला आणि अरबीत सांगू लागला. सालेम हिंदीत सांगत गेला. पूर उतरल्यावर बागेत दोन मजूर सापडले. रस्ता वाहून गेलेला, कंपनीची माणसं येऊ शकत नव्हती. कोण कुठल्या धर्माचे, विचारायचं कुणाला? गावानं त्यांना पाटाच्या पाण्यानं धुतलं, घरचं पांढरं कापड गुंडाळलं आणि पुरलं.

"पूछो," शिवगंगा म्हणाली, "बैठा के रखे क्या?"

सालेमनं विचारलं. नासरनं जरा आठवलं आणि मग आपला तळहात कुशीवर निजलेल्या माणसासारखा आडवा करून दाखवला.

"अम्मा, इतने साल हो गए, शायद उनको ठीक से..."

"दिसलं मला," ती मराठीत म्हणाली. मग हिंदीत विचारलं, "गले में कुछ था?"

एकाच्या गळ्यात दोऱ्यात अडकवलेली चांदीची लहान डबी होती, इष्टलिंग ठेवतात तशी. काही जण काढू म्हणाले. नासरच्या बापानं काढू दिली नाही. त्याचं आहे, त्याच्याजवळ राहू द्या, म्हणाला.

बागेच्या वरच्या अंगाला दगडांचे दोन ढीग होते. डबीवाला कोणता, ते नासरला सांगता येईना. शिवगंगानं पदराची गाठ सोडून दोन्ही ढिगांवर विभूती टेकवली आणि मधल्या जागेत बसली. दानम्मा रडू लागली.

"काकू, धुतलं हो त्यांनी. घरच्यासारखं केलं."

"हाव. लई केलं त्यांनी." तिचा आवाज कोरडा होता. "पण इतकी वर्षं डोळे मिटले की मी त्यांना बसलेलं बघून राहिले, दानू. आता कसं बघू?"

दानम्मा तिच्याशेजारी खाली बसली.

लातूरला परतल्यावर शिवगंगा थेट जावेच्या घरी गेली. गुरम्मा बाजेवर होती. पाण्याचा तांब्याही पुढं झाला नव्हता, तोच म्हातारीनं विचारलं, "बसवलं होतं का ग?"

"हाव, आत्याबाई. बसवलं होतं. लिंग हातावर होतं."

"तू पाहिलंस?"

"ज्यांनी पुरलं, त्यांनीच सांगितलं."

गुरम्मानं भिंतीकडं तोंड केलं आणि मोठ्यानं रडली. लेक गेल्याची बातमी आली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. त्या दिवसापासून तिनं विचारणं सोडलं, आणि हळूहळू जेवणही.

महिन्याभरात ती गेली. स्वामींनी मंत्र म्हटले, भावकीतल्या पोरांनी तिला खड्ड्यात उतरवून नीट बसवलं. बसलेल्या म्हातारीला शेवटचं बघायला बायका पुढं सरकल्या. जाऊ हाक मारत होती, पण शिवगंगा बाभळीखाली उभी होती, तिथून ती हलली नाही.