आट्यांवरची टेप

बाईंचे वडील प्लंबर होते. त्यामुळे गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या अंगणात गाडीचं कुठलंही काम निघालं आणि त्यात पाण्याचा संबंध आला, की मिस्त्री आत आपल्या बायकोला, बाईंना, हाक मारायचे. "अगं, तुझ्या माहेरचं काम आलंय!" मग बाई पदराला हात पुसत बाहेर यायच्या, पाइप कुठे झिरपतोय ते बोट फिरवून सांगायच्या आणि पुन्हा आत जायच्या. मोठ्याने बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. रोज सकाळी उठल्यावर त्या हात जोडून मनाशी एवढंच म्हणत, 'आज माझ्या तोंडून कुणाचं उणं निघू नये.' हा त्यांचा नेम फार जुना. तो कधी मोडला नव्हता, आणि मोडला नाही याचा त्यांना थोडासा अभिमानही होता.

त्या दिवशी अंगणात मधवाल्याची गाडी होती. मधवाला म्हणजे मधमाश्यांच्या पेट्या फुलांच्या मागे मागे रानोरान नेणारा माणूस. त्याच्या जुन्या व्हॅनचं इंजिन संपलं होतं. मिस्त्रींनी दुसऱ्याच गाडीचं मोठं इंजिन त्या सांगाड्यात बसवलं. ते इतकं लांब निघालं, की इंजिन आणि पाणी निववणारा रेडिएटर यांच्यामधला नेहमीचा पंखा बसवायला जागाच उरली नाही. म्हणून रेडिएटरच्या पुढच्या अंगाला विजेचा पंखा आला आणि पंख्यासाठी एक अंगठ्याएवढा पितळी स्विच. तो रेडिएटरच्या खालच्या टाकीत फिरवून बसवायचा. पाणी तापलं की स्विच पंखा सुरू करणार, निवलं की बंद करणार.

"मला पाण्याचं विचारा, तेलाचं विचारा," मिस्त्री मधवाल्याला म्हणाले. "विजेचं आमच्या जावईबापूंना. त्या वायरी बघितल्या की मला शेवयाच दिसतात."

जावई गेल्याच महिन्यात कारखान्यातली नोकरी सोडून सासऱ्यांच्या हाताखाली आला होता. तो काही मागायला आला नव्हता. मिस्त्रींनीच म्हटलं होतं, आता माझे डोळे साथ देत नाहीत, तुम्ही या. तरी लोक बोलायचे ते बोलतच होते. सासऱ्याच्या दारात कमावणारा माणूस म्हटला की जिभेला हाड नसतं. ही गाडी म्हणजे त्याने एकट्याने जोडलेलं पहिलं काम.

त्याने स्विच बाईंच्या हातात दिला. "मामी, हा बसवता? माझे दोन्ही हात पुढे अडकलेत. टेप-बिप नको, खाली रबराचा वॉशर आहे."

"वॉशरच्या भरवशावर आमच्या वडिलांनी कधी झोप घेतली नाही," बाई हसून म्हणाल्या.

"अहो, पण..." असं काहीतरी तो म्हणत होता, तेवढ्यात मिस्त्रींनी त्याला पलीकडे बोलावलं. बाईंनी नळाला लावायची पांढरी प्लास्टिकची टेप काढली. स्विचच्या आट्यांवर, त्या स्क्रूसारख्या खाचांवर, दोन वेढे दिले. मग वाटलं, इंजिनाचं गरम पाणी, जोर जास्त असणार. आणखी दिले. बोटाने चेपून पुन्हा दिले. अगदी मन भरेपर्यंत. मग स्विच घट्ट फिरवला आणि टाकी भरली. एक थेंब गळला नाही.

"बघा," मिस्त्री मधवाल्याला म्हणाले, "प्लंबरची लेक! कोरडी ठणठणीत."

"मधाचे डबेसुद्धा तुमच्याकडूनच बंद करून घ्यायला हवेत," मधवाला म्हणाला. बाई लाजल्या. पण ते शब्द त्या आत घेऊन गेल्या आणि भाजी चिरताना पुन्हा एकदा मनाशी ऐकले.

जावयाने स्विचपर्यंत येणारी वायर नुसती गाडीच्या लोखंडाला टेकवून दाखवली. पंखा गरगर फिरला. मग ती त्याने स्विचला खोचली. "इंजिन तापेपर्यंत उभं ठेवून बघू या," तो म्हणाला.

"पंखा फिरला ना? मग आणखी काय आरती ओवाळायची?" मिस्त्री म्हणाले. "चला टेकडीवर, चढावर कळेल."

चढावर कळलंच.

दुपारी गाडी परत आली ती वाफेचा वास घेऊन. मिस्त्रींचा चेहरा बघून बाईंनी पाण्याचा तांब्या नुसता ठेवला, विचारलं काही नाही. मधवालाच म्हणाला, "अर्ध्या चढावर तापमानाचा काटा लालमध्ये. पंखा ढिम्म. जावईबापूंनी वायर हाताने टेकवून पंखा चालवला म्हणून परत आलो. आज पेट्या रिकाम्या होत्या. भरलेल्या असत्या तर माझ्या माश्या उन्हात पेटीतच शिजल्या असत्या."

जावई गाडीखाली वाकला होता. मधवाला त्याच्या बाजूला उकिडवा बसला. "पण याला तर एकच वायर दिसते. परतीची वायर कुठे?"

"परतीची वायर नसते हो याला. स्विचचं अंग हीच दुसरी वायर. आटे रेडिएटरच्या धातूला घट्ट भिडतात, तिथूनच वीज परत जाते."

बाई दारात उभ्या होत्या. ज्या आट्यांनी धातूला भिडायचं, त्यांनाच त्यांनी सकाळी पांघरूण घातलं होतं.

पाणी निवल्यावर जावयाने ते सोडून दिलं आणि स्विच फिरवून काढला. मिस्त्री आणि मधवाला तेव्हा काट्याकडे बघत बोलत होते. त्याने तळहातावर स्विच धरला, बघितला. मग पाठ वळवून नखाने ती पांढरी टेप सोलली, तिची गोळी केली आणि शर्टाच्या खिशात टाकली. वळताना त्याची आणि बाईंची नजर भेटली. बाईंनी आपली खाली घातली.

"स्विचच खराब असेल," तो सासऱ्यांना म्हणाला. "दुसरा आणतो."

"थांबा हो," मिस्त्री म्हणाले. राग आला की त्यांचं 'अहो' जास्तच मऊ व्हायचं. "आणलात तुम्हीच ना तो? बघू तरी. अगं, पातेल्यात पाणी उकळ."

बाईंनी पाणी उकळलं. त्यांच्याच गॅसवर, त्यांच्याच पातेल्यात. जावयाने स्विचला बॅटरी आणि एक छोटा दिवा जोडला, आणि वायरीला धरून तो पाण्यात सोडला. पातेलं हलू नये म्हणून बाईंनी ते सांडशीने धरलं होतं. चौघं त्या दिव्याकडे बघत होते. पाण्याला बुडबुडे आले, खळखळाट झाला आणि दिवा लख्ख पेटला.

"म्हणजे स्विच चांगला," मिस्त्री म्हणाले. "वायर हाताने टेकवली की पंखा फिरतो, म्हणजे वायर चांगली. पंखा चांगला. मग वाईट काय उरलं, जावईबापू?"

जावयाने स्विच पाण्यातून वर काढला.

"मी सांगतो काय उरलं. वायर स्विचला नीट खोचलीच नव्हती. शेंबड्या पोरालाही जमेल एवढं काम."

बाईंच्या हातात सांडशी होती. वाफ तोंडावर येत होती. आत्ता बोलायचं, असं त्यांच्या मनात आलं. पण मधवाला समोर होता, सकाळी कौतुक करणारा.

"असेल," जावई म्हणाला. "नीट बसली नसेल."

"असेल नाही, आहेच," मिस्त्री म्हणाले. मग मधवाल्याकडे वळून, "उद्या सकाळी चौकातल्या इलेक्ट्रिशियनला बोलावतो. सगळी जोडणी तो नव्याने तपासेल. हे आता चाकं, ग्रीस बघतील."

जावयाने बॅटरी सोडवली, वायरी नीट गुंडाळल्या, जागेवर ठेवल्या आणि घरी गेला. चहा घेतला नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, बाबा काय बोलले यांना? घरी आल्यापासून हातात जुनं कारखान्याचं ओळखपत्र घेऊन बसलेत. परत घेतील का विचारतो म्हणतात."

"बाबा जरा... तापले होते," बाई म्हणाल्या.

"चूक झाली असेल यांची. पण परक्यासमोर?"

"हो गं," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर त्या 'हो'ची त्यांना शिसारी आली.

रात्री निजण्याआधी रोजच्यासारखे त्यांनी हात जोडले. दिवस देवापुढे ठेवायची त्यांची सवय होती. आज कुणाचं उणं बोलले नाही, असं नेहमीचं वाक्य आलं आणि अर्ध्यातच अडकलं. बोलले नाही हे खरंच होतं. एक शब्द बोलल्या नव्हत्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, गप्प राहिलं की नेम पाळला जातो. देवाला ही पळवाट ठाऊक नसेल असं धरून चालण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. जोडलेले हात त्यांनी सोडले. पुढे काही म्हणवेना.

सकाळी मधवाला आला. जावईही आला, हातात हवेचा पंप घेऊन सरळ चाकाशी जाऊन बसला. मिस्त्री चौकातल्या माणसाला फोन लावत होते. बाई चहा घेऊन आल्या, ट्रे बोनेटवर ठेवला.

"फोन ठेवा," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींना वाटलं चहा गार होतोय. "अगं, एक मिनिट."

"त्याला बोलावू नका. चूक माझी आहे. त्या स्विचला टेप मी गुंडाळली होती."

"मग? गळलं नाही ते बरंच झालं."

"म्हणूनच पंखा लागला नाही. जावईबापू नको म्हणाले होते, तरी मी गुंडाळली."

"मामी, राहू द्या," जावई चाकापासून म्हणाला.

मिस्त्री हसले. "अहो, तुम्ही सासूला पुढे घालताय की सासू तुम्हाला पाठीशी घालतेय? टेपने कुठे वीज अडते?"

मधवालाही कसनुसा हसला. घरातली बाई जावयाची बाजू सावरतेय, एवढंच त्यालाही वाटलं. खरं बोलूनही आपल्याला चांगुलपणाच चिकटतोय, हे बाईंना सोसेना.

"दाखवते," त्या म्हणाल्या.

त्यांनी टेप आणली. सगळ्यांसमोर उभं राहून स्विचच्या आट्यांवर वेढे द्यायला सुरुवात केली. कालच्यासारखेच, चेपून चेपून. कमी दिले असते तर पुन्हा लपवल्यासारखं झालं असतं. स्विच बसवला, टाकी भरली, वायर जावयाने खोचली. मिस्त्रींनी स्वतः ती ओढून बघितली. पक्की होती.

इंजिन सुरू झालं. काटा हळूहळू चढू लागला. बाई रेडिएटरसमोर उभ्या राहिल्या, लपायला जागा नव्हती. काटा मधोमध आला, मध्य ओलांडला. पंख्याची पाती जिथल्या तिथे. काल चढावर हा काटा बघताना जावयाला काय वाटलं असेल, असं त्यांच्या मनात आलं. काटा लालला टेकायच्या आत मिस्त्रींनी इंजिन बंद केलं.

पाणी निवू दिलं, सोडून दिलं, स्विच उतरवला. जावयाने टेप सोलून काढली. यावेळी ती त्याने खिशात टाकली नाही, बोनेटवर चहाच्या ट्रेजवळ ठेवली. स्विच उघडाच बसवून टाकी भरली. पुन्हा इंजिन, पुन्हा काटा. मध्याच्या जरा पुढे खट् असा बारीक आवाज झाला आणि पंखा भर्रकन सुटला. बाईंच्या पदरावर वारा आला.

मधवाल्याने चहाचा कप उचलला. "थंड झाला," एवढंच म्हणाला.

मिस्त्री पंख्याकडेच बघत, जावयाकडे न बघता म्हणाले, "काल तापवून बघू म्हणाला होतात. मीच घाई केली." त्यांच्या आवाजात तो मऊपणा नव्हता. "तो पंप ठेवा खाली. चाकं मी बघतो."

जावयाने पंप ठेवला. तो हात धुवायला नळावर आला, तेव्हा बाई कप विसळत होत्या.

"तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी कशाला घेऊ मामी?" तो साबण चोळत म्हणाला. "पातेलं तुमच्याच हातात होतं. मला वाटलं, दिवा लागला की तुम्ही बोलाल."

तो रागाने बोलला नव्हता. हात धुऊन त्याने नळ घट्ट बंद केला आणि गाडीकडे गेला. बाई तोच एक कप विसळत राहिल्या.