लोखंडाचे तांबे करणारा ओढा

पाणी नासवणाऱ्याचे पाप मोठे खरे. परंतु त्याच नासक्या पाण्याला तीर्थ म्हणवून जो ते आजाऱ्याच्या ओठी लावतो, त्याच्या पापाला माप नाही. तांब्याच्या खाणींच्या त्या मुलुखात, कामिता ओढ्याच्या काठी, एका सकाळी ही दोन्ही पापे खांद्याला खांदा लावून उभी होती.

सारे गाव काठावर लोटले होते. पांढऱ्या झग्यातल्या प्रेषित जेरेमायाने एक जुनी कुदळ हिरवट पाण्यात बुडवली व डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली. कुदळ वर आली तेव्हा तिचे काळे पाते तांबूस झळकत होते. बायकांच्या हर्षाच्या किलकाऱ्या उठल्या.

"लोखंडाचं तांबं झालं! मग तुमच्या रोगांची काय कथा?" प्रेषित गरजला.

"आणि मासे का मेले हो, प्रेषितबाबा?" एका म्हातारीने विचारले.

"पापी होते, आई."

"मासे?"

"एकमेकांना गिळायचे की नाही?"

लोक हसले. खाण-कंपनीचा अधिकारी मात्र गंभीरपणे एक कागद फिरवत होता. 'या पाण्याने आम्हांस अपाय झालेला नाही,' या ओळीखाली अंगठे उमटत होते.

गर्दीत न्सोफ्वा उभा होता. खाणीच्या कारखान्यात त्याची तीस वर्षे गेली होती. ती कुदळ त्याच्या दिवंगत पत्नीची होती. ती उजळलेली पाहून त्याचेही हात क्षणभर जुळले. शेजारी त्याची लेक चोला, तिच्या कडेवर चार वर्षांची म्वाबा, ओकून ओकून मलूल झालेली. या गावात कडू कसावा हा कंद तीन दिवस वाहत्या पाण्यात भिजवून त्याचे विष उतरवतात. प्रेषिताने सांगितले म्हणून यंदा सर्वांनी तो ओढ्याच्या याच वळणावर भिजवला होता. निम्मे गाव ओकू लागले, तेव्हा तो म्हणाला होता, "सैतान बाहेर पडतोय."

कुदळ हातोहात न्सोफ्वापर्यंत आली. त्याने सवयीने पात्यावर अंगठा घासला. तांबडी साल निघाली. खाली लोखंड होते, खरबरीत, खाल्लेले.

चोला तीर्थाचा पेला म्वाबाच्या ओठी नेत होती. त्याने तो हिसकावला.

"मायो, पोरी, थांब!"

"बाबा, पोर मरायला टेकलीय. आता आडवे येऊ नका!"

"अगं, मी तीस वर्षं हेच केलं! कारखान्याच्या आंबट पाण्यात मोडकं लोखंड टाकायचं, वर चढलेलं तांबं खरवडायचं. आमचा मुकादम प्रार्थना नव्हता करत, शिव्या द्यायचा. तरी चढायचंच."

"चोलाचे बाबा, श्रद्धाहीनाच्या हाती काही घडत नसतं," प्रेषित म्हणाला.

"मग बघूच की."

न्सोफ्वाने दवाखान्याच्या बोअरचे पाणी एका भांड्यात मागवले. दुसऱ्यात स्वतः, ओढ्यात सांडपाणी सोडणाऱ्या कंपनीच्या नळाच्या तोंडचे भरून आणले. दोन्हींत घासलेला एकेक खिळा टाकला.

"बोअरच्या पाण्यावर हवी तेवढी प्रार्थना करा. माझ्या भांड्यावर मी फक्त खोकतो."

प्रेषिताचा घसा बसला, तरी त्याचा खिळा होता तसाच राहिला. न्सोफ्वाचा तांबडा झाला.

"लोखंडाचं तांबं होत नाही, लेकरांनो. पाण्यात विरघळलेलं तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड विरघळून पाण्यात त्याची जागा घेतं. म्हणजे तांबं या ओढ्यात आहे. ते कुठून आलं, ते या नळाला विचारा. विष उतरवायला नेलेला कसावा आपण विषात भिजवला."

माशांबद्दल विचारणाऱ्या, अंगठा दिलेल्या त्या म्हातारीने अधिकाऱ्याच्या हातून कागद ओढून घेतला.

"साहेब, हे पाणी आधी तुम्ही प्या," ती म्हणाली. "मग मी पुन्हा अंगठा देते."

अधिकाऱ्याने पेल्याकडे पाहिले आणि तो गाडीकडे वळला. प्रेषित त्याच गाडीत आधीच जाऊन बसला होता.

चोला म्वाबाला घेऊन दवाखान्याकडे धावली. गावाने दोन बाटल्या भरल्या: एक तिथल्या डॉक्टरसाठी, एक सरकारी प्रयोगशाळेसाठी. ओढा तसाच हिरवा वाहत होता; तो निवळायला किती वर्षे लागतील, हे न्सोफ्वाही सांगू शकत नव्हता.

चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी तो हात लावून पाहावा. आणि ज्याने पाणी नासवले, त्याच्याकडूनच ते शुद्ध करून घ्यावे. म्वाबाच्या पोटात अन्न ठरो, त्या गावाच्या मडक्यांत निर्मळ पाणी येवो, आणि खोट्या कागदावर अंगठे घेणाऱ्यांनाही सुबुद्धी लाभो.